ताटात नसलेली सुई

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. संकष्टी.

हिशेबाच्या वहीत पानांची मागची बाजू कोरी वाया जाते, म्हणून तिच्यावर रोज चार ओळी लिहायची माझी सवय. आज चार ओळींत मावणार नाही. पानावर श्री लिहायचा राहिला. चंद्रोदय होऊन गेला तरी उपास सोडलेला नाही. हे म्हणाले, दोन घास खाऊन घे.

क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल.

सकाळी गॅसची पाइपलाइन टाकणारी माणसं आमच्या गल्लीत खणत होती. घरभर धूळ. अकराच्या सुमारास त्यांतला एक जण दाराशी पाणी मागायला आला. तिशीचा असेल. उजव्या भुवईत चीर, तिथे केस नाहीत. दारी आलेल्याला नुसतं पाणी देऊ नये ही सासूबाईंची शिकवण, म्हणून गुळाचा खडा दिला. "आई, गूळ कशाला," म्हणाला, पण खाल्ला. पेला विसळून उपडा ठेवून गेला. वळणाचा वाटला.

साडेपाचला खालच्या मजल्यावरून शेवंतीबाईंनी हाक मारली. "चल गं बाय, तुझ्यासाठी काय चंद्र थांबणार हाय?" त्या इथल्या मूळच्या, ठाकुर्लीत इमारती नव्हत्या तेव्हापासूनच्या. तीस वर्षांत आम्ही दोघींनी एकही संकष्टी गणपतीच्या देवळात जायची चुकवली नाही. गळ्यात त्यांच्या सासूची बोरमाळ. मी म्हटलं, झाकून घ्या पदराने. म्हणाल्या, "देवाकडे जातांना काय झाकायचं?"

रेल्वे क्वार्टर्सच्या कडेने जात होतो. मागून मोटारसायकल आली. दोघं होते. मागे बसलेल्याने हात घातला. बोरमाळ लगेच तुटली नाही, म्हणून शेवंतीबाईच ओढल्या गेल्या. चार पावलं. मग तुटली. त्या गटाराच्या सिमेंटच्या कडेवर डोक्यावर पडल्या.

दोघांनी हेल्मेट घातलेलं. काळी काच खाली. चेहरा कुणाचाच दिसला नाही. मागच्याचं मनगट बारीक होतं, आणि नंबरप्लेट हिरव्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली होती, एवढंच डोळ्यांत राहिलं. नंबर वाचता आला नाही. मी ओरडलेसुद्धा नाही. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही.

शेवंतीबाई दवाखान्यात आहेत. शुद्ध नाही. गणराया, लक्ष ठेव.

१९ नोव्हेंबर

चौकीत दोन तास. आयुष्यात पहिल्यांदा पायरी चढले. साहेब चांगले बोलले, चहा मागवला. पण चेहऱ्याचंच विचारत राहिले.

"काच खाली होती," मी म्हटलं.

"पूर्ण खाली? मावशी, गरम होत होतं. थोडी तरी वर असेलच. सावकाश आठवा."

मी हिरव्या दोरीचं सांगितलं. "दोरी राहू द्या हो. दोरीला काय अटक करू?" असं म्हणून हसले. त्यांनी लिहिलं नाही. मग म्हणाले, "तुम्ही एकट्याच साक्षीदार. तुम्हाला आठवलं तर माणूस सापडेल. नाही आठवलं तर तो उद्या दुसरीच्या गळ्याला हात घालेल."

सही करताना साहेबांनी वाचून दाखवलं. 'चेहरा पुन्हा पाहिल्यास ओळखू शकेन.' असं मी म्हटलं होतं का? म्हटलं असेन. डोळे तरी दिसलेच असतील, नाहीतर माणूस रस्ता कसा बघेल?

२० नोव्हेंबर, मतदान

शेवंतीबाई पहाटे गेल्या. गुणाजीने, त्यांच्या मुलाने, माझे हात धरले. "काकू, आता सगळं तुमच्यावर." मतदानाला गेले नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यांची नात ऐश्वर्या जिन्यात बसून होती. ठाण्याला मानसशास्त्र शिकते. रडत नव्हती, नुसती बघत होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

२७ नोव्हेंबर

आज दक्षताताई, चौकीतल्या शिपाईबाई, घरी आल्या. पोहे केले. जाताना मोबाइल पुढे केला. "हा बघा मावशी. कालच उचललाय. आंबिवलीचा आहे."

फोटोत एक माणूस. भुवईत चीर.

अंगावर सर्रकन काटा आला. ह्याला मी पाहिलंय! नक्की पाहिलंय. कुठे, विचारायचीसुद्धा गरज नाही. अंगच सांगत होतं.

"पाहिलाय," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

दक्षताताईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "ओळख परेडला बोलावतील. तिथे फोटो दाखवल्याचं सांगायची काही गरज नाही हं. उगाच कागद वाढतात."

हे आतून ऐकत होते. त्या गेल्यावर म्हणाले, "तुला काल आमटीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही, आणि..." मी तिथेच थांबवलं. शेवंतीबाईंच्या नावाने थट्टा नको.

साखळ्या खेचणारे तिकडचेच असा इथे समज, त्यामुळे आंबिवलीचा म्हटल्यावर सगळ्या इमारतीला पटलं. "मग बरोबर आहे," म्हणाले सगळे.

१२ डिसेंबर, गुरुवार

गुरुवार म्हणून उपास धरला, आणि उपाशीपोटी तुरुंगात गेले. गुणाजी सोबत होता, पण त्याला फाटकाबाहेर ठेवलं.

आत एका खोलीत आठ माणसं ओळीने उभी. तहसीलदारसाहेब म्हणाले, घाई नाही, नीट बघा, कुणीच नसेल तर तसं सांगा. ते 'कुणीच नसेल तर' म्हणाले तेव्हा माझ्या मनात आलं, बाहेर गुणाजी उभा आहे. त्याला काय सांगू?

पण वेळच लागला नाही. डावीकडून पाचवा. मला बघून त्याच्या तोंडावर एकदम आशा दिसली, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. त्याने मला ओळखलं, म्हणजे तोच. दुसरं काय?

खांद्यावर हात ठेवून दाखवा म्हणाले. ठेवला. खांदा थंड होता. तो म्हणाला, "आई, मी..." शिपायाने गप्प केलं.

बाहेर साहेब भेटले. "शंभर टक्के बरोबर माणूस पकडलात, मावशी! ह्याच्यावर आधी मोबाइलचोरीची तक्रार होती. तुमच्यासारखे साक्षीदार असते तर आमचं काम निम्मं झालं असतं." केवढं ओझं उतरलं! नाव चिराग आहे त्याचं.

घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. आता डोळे मिटले की स्पष्ट दिसतं. काच वर होती, नक्की वर होती. चीर दिसली होती मला त्या संध्याकाळी.

२९ डिसेंबर, रविवार

भीती वाटते.

दुपारी हे झोपले होते. बेल वाजली. साखळी लावूनच दार उघडलं. एक बाई, कडेवर पोर. "मी चिरागची बायको."

दाराची साखळी मी तशीच धरून ठेवली.

"आई, ते तुमच्याच गल्लीत गॅसचं काम करत होते. त्या दिवशी संध्याकाळी घरीच आलेले. पोराला ताप होता. नीट आठवा ना हो. तुमच्या पाया पडते."

मी दार लावून घेतलं. ती बाहेर बसून राहिली. पोर खोकत होतं. दाराला पाठ लावून मी रामरक्षा म्हटली, तीन वेळा. ती कधी गेली कळलं नाही.

गुणाजीला सांगितलं. तो म्हणाला, "दबाव टाकतात, काकू. गल्लीत काम करत होता म्हणजे टेहळणीच ना! म्हाताऱ्या बायका कधी बाहेर पडतात, गळ्यात काय घालतात, सगळं बघून गेला." बरोबर आहे. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. घर बघून गेला आमचं!

दाराला दुसरी कडी लावून घेतली. मंगळसूत्र काढून काळी पोत घातली. ह्यांनी विचारलं, काय गं? म्हटलं, मान खाजते.

३ फेब्रुवारी २०२५

भाजी आणायला तिसऱ्या गल्लीतून वळसा घालून जाते. मागून मोटारसायकलचा आवाज आला की भिंतीला चिकटते. मुलगा, सर्वेश, घोडबंदर रोडला राहायला बोलावतो. म्हणतो, "आई, इथे गेटवर दोन वॉचमन आहेत." पण तिथून देऊळ लांब, आणि शेवंतीबाईंच्या दारावरून न जाता मला चालायचंच नाही.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. वद्य पंचमी.

शेवंतीबाईंचं वर्षश्राद्ध. जेवणं झाल्यावर बायकांनी पुन्हा विचारलं. किती वेळा सांगितलं असेल वर्षभरात! आज सांगताना मला एक नवीनच आठवलं: काच वर करून त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. बायकांच्या अंगावर काटे आले. माझ्याही.

ऐश्वर्या वाढत होती, ती मध्येच थांबली. "काकू, हसला हे पहिल्यांदा सांगितलंत तुम्ही."

"आठवेल तसं आठवतं बाळ," मी म्हटलं.

तिने पुढचं पान वाढलं.

२३ जानेवारी २०२६, शुक्रवार

कोर्टाचा कागद आला. १२ फेब्रुवारीला कल्याणला साक्ष. तो गेलं सव्वा वर्ष आतच आहे म्हणे. जामीन नाही.

आज गुणाजीकडे हळदीकुंकू होतं. सुतक-बितक संपलं, सासू होती तेव्हासारखंच करू, म्हणाली त्याची बायको. चौदा जणी होतो. तिळगूळ झाला, वाण म्हणून गाळणी दिली. मग ऐश्वर्या म्हणाली, खेळ घेऊ या. तोच, ताटातल्या वस्तूंचा. ताट एक मिनिट बघायचं, झाकायचं, आठवतील तेवढ्या लिहायच्या. कॉलेजात लिहून द्यायचं आहे म्हणाली.

ह्या खेळात मला ह्या इमारतीत कुणी हरवलेलं नाही. शेवंतीबाई म्हणायच्या, "हिला ताट दाखवूच नका, वाण सगळं हीच नेते."

शिवणाच्या वस्तू होत्या. मी अकरा लिहिल्या. रीळ, कात्री, बटणं, अंगुस्तान, मोजपट्टी, हूक, लेस, खडू, काजाचा दोरा, टाचण्या, आणि सुई.

ऐश्वर्याने कागद गोळा केले. मग हळूच म्हणाली, "सुई किती जणींनी लिहिली? अकरा. सुई ताटात नव्हती."

हशा झाला. मी नाही हसले. म्हटलं, "होती. पांढऱ्या रिळात खोवलेली होती. नाक वर होतं."

"नव्हती, काकू."

"मी गणपतीची शपथ घेऊन सांगते! कुणीतरी काढली."

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. ताट झाकण्याआधीच काढून ठेवला होता. पांढरं रीळ होतं. सुई नव्हती. फोटो मोठा करून बघितला. रिळावर भोकसुद्धा नव्हतं.

"सगळं शिवणाचं असलं की मन सुई आपल्या पदरची घालतं," ऐश्वर्या सगळ्यांना सांगत होती. "खोटं नाही बोलत कुणी. खरंच दिसते. आठवण म्हणजे फ्रिजमधली आमटी. दर वेळी बाहेर काढून गरम करतो, थोडं पाणी घालतो, चव घेऊन मीठ घालतो. चौथ्या दिवशी ती पहिल्या दिवसाची राहते का?"

बायकांना गंमत वाटली. मला घाम फुटला. एवढी थंडी, तरी.

निघताना तिला जिन्यात गाठलं. "ऐश्वर्या, माणसांचंही असं होतं का गं? चेहऱ्यांचं?"

तिच्या तोंडाचा रंग उतरला. खेळ लावताना हे तिच्या डोक्यात नव्हतं, की होतं, मला कळलं नाही.

"मला नका विचारू, काकू," ती म्हणाली. "आजी माझी होती."

२४ जानेवारी

पहाटे उठून कपाटातून जुनी वही काढली. २०२४ ची. वर्षभरात उघडली नव्हती. उघडायची काय गरज, सगळं पाठ होतं की!

वाचलं.

'काळी काच खाली. चेहरा कुणाचाच दिसला नाही.'

माझंच अक्षर. मीच लिहिलेलं.

आणि त्याच पानावर वर, 'उजव्या भुवईत चीर.' माझ्या दारात. गूळ हातात. पेला उपडा.

किती वेळ बसून होते कोण जाणे. हे उठले तेव्हा दूध उतू गेलेलं. माझ्यासमोर गेलेलं, मला दिसलं नाही.

२५ जानेवारी, रथसप्तमी

सूर्याला अर्घ्य दिलं, पण तोंड वर करवेना.

ह्यांना वही दाखवली. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "हे कुणाला दाखवू नकोस."

"तो आत आहे हो."

"आणि तू बाहेर आहेस. आता पलटलीस तर खोटी साक्ष दिली म्हणून तुलाच ठेवतील. बासष्टाव्या वर्षी तुरुंगात जायचंय? आणि तो नव्हताच कशावरून? गूळ खाऊन संध्याकाळी परत आला नसेल कशावरून?"

हेच सगळ्यात भयंकर आहे. तो तोच होता म्हटलं तर मला ठाऊक नाही. तो नव्हता म्हटलं तर तेही ठाऊक नाही. ज्या डोळ्यांवर एवढा भरवसा, त्यांनी काय पाहिलं ते मला माझ्याच वहीत वाचावं लागतं.

जमेला नाही ते जमेला धरायचं नाही, एवढं एक मी आयुष्यभर पाळलं. आणि एक अख्खा माणूस धरला.

३० जानेवारी

ऐश्वर्या आपण होऊन वर आली. वही मागितली. दारातच उभ्याने वाचली. 'चल गं बाय' ला आली आणि मटकन खाली बसली. आजीचा आवाज ऐकू आला म्हणाली.

मग डोळे पुसून एकेक विचारायला लागली. फोटो कधी दाखवला? एकच दाखवला की बरेच? परेडच्या आधी? नंतर साहेब काय म्हणाले? मी सांगत गेले तशी ती आणखी आणखी हळू बोलायला लागली.

"काकू, परेडमध्ये तुम्ही फोटोतला माणूस ओळखलात. आणि फोटोत तुम्ही दारातला माणूस ओळखलात. त्याला ओळखणं खरंच होतं. कुठला, ते चुकलं. आणि साहेब शाबास म्हणाले ना, त्याने ते पक्कं झालं. हे पुस्तकात आहे आमच्या. मी पेपरात लिहून मार्क मिळवलेत ह्यावर." आणि अशी हसायला लागली की मला भीती वाटली.

"मग आता?"

"वकील भेटवते. चिरागची. सरकारने दिलेली आहे, समीक्षा म्हणून. चांगली आहे म्हणतात."

"आणि गुणाजी?"

"बाबांना मी नाही सांगू शकत. बाबा रोज सकाळी आजीच्या फोटोला सांगून जातात, बारा तारखेला बघ म्हणून."

मीही सांगू शकत नाही. तेरा दिवस आहेत. रोज त्याच्या दारावरून जाते. रोज तो म्हणतो, "काकू, काढा घ्या, घसा सांभाळा. तुमचा आवाज लागणार आहे."

११ फेब्रुवारी

देवघरात बसले तर मंत्र अर्ध्यात तुटतो. गणपतीला म्हटलं, तूच सांग. तो काय सांगणार! त्याने तर त्याच दिवशी माझ्या हातून लिहून घेतलं होतं.

साडी काढून ठेवली. वही पिशवीत ठेवली. पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जमेल तेवढं आजच लिहिते. उद्यावर ठेवायचं नाही, हे आता शिकले.

कोर्टात पंखा होता, तरी घामाने ब्लाउज भिजला. चिराग पिंजऱ्यात. वाळला आहे. भुवईची चीर तेवढी तशीच. मागच्या बाकावर गुणाजी, इस्त्रीचा शर्ट. त्याच्या शेजारी ऐश्वर्या, खाली मान. भिंतीजवळ ती बाई. पोर आता चालायला लागलं आहे.

शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी मोटारसायकलच्या मागे बसलेला इसम कोर्टात हजर आहे का?"

गुणाजी पुढे सरकून बसला. मला दिसलं ते.

मी म्हटलं, "चेहरा दिसला नव्हता."

वकील म्हणाले, "बाई, तुम्ही परेडमध्ये ह्यांना ओळखलंत."

"ओळखलं. ओळखीचे होते म्हणून ओळखलं. त्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी पाणी प्यायला आले होते. मी गूळ दिला होता. आणि परेडच्या आधी मला ह्यांचा फोटो दाखवला होता."

पिंजऱ्यातून हुंदका आला. "आई, तेच सांगत होतो हो मी! पहिल्या दिवसापासून सांगतोय, त्या आईंनी गूळ दिलेला मला!" न्यायाधीशांनी गप्प बसायला सांगितलं. तो तोंडावर हात दाबून उभा राहिला.

सरकारी वकील एकदम बदलले. न्यायाधीशांना म्हणाले, साक्षीदार फितूर झाली. फितूर. मला वाटलं कुणीतरी सगळ्यांदेखत कानफटात दिली. मग विचारायला लागले. आरोपीची बायको तुमच्या घरी आली होती? आली होती. तिने किती दिले? धमकी दिली? पोलिसांवर खोटा आळ का घेता? मी नाही नाही म्हणत राहिले, आणि नाही म्हणताना माझा आवाज खोटं बोलणाऱ्यासारखा येत होता.

"म्हणजे आरोपी त्या मोटारसायकलवर नव्हता, असं तुमचं म्हणणं?"

"तेही मला ठाऊक नाही. चेहरा दिसला नाही, एवढंच ठाऊक आहे."

मग समीक्षा वकीलबाई उठल्या. वही पुढे गेली. न्यायाधीशांनी पान वाचलं. उलटून पुढची बाजू बघितली, तिथे त्या दिवसाचा बाजार लिहिलेला. परत मागची बाजू वाचली.

"हे तुम्ही कधी लिहिलं?"

"त्याच दिवशी. चंद्रोदयानंतर."

"मग दुसऱ्या दिवशी पोलिसांना हे का सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. साहेब म्हणाले, नीट आठवा. मी आठवायला गेले, आणि..." सुईचं सांगावं वाटलं. कोर्टात हळदीकुंकवाचं कसं सांगणार! पण सांगितलं. कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग लिहून घ्या म्हणाले.

बाहेर गुणाजी उभा होता. मी हात जोडले.

"आईच्या जागी मानलं तुम्हाला," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तिकडे वर भेटाल तिला, तेव्हा तिला सांगा, चेहरा दिसला नाही म्हणून." आणि गेला. ऐश्वर्या थांबली, माझ्याकडे बघितलं, मग वडिलांच्या मागे धावली.

ती बाई माझ्या पाया पडायला आली. मी मागे सरकले. माझ्या पाया कसल्या पडतेस? सव्वा वर्ष तुझ्या घरातून मीच नेलं आहे.

वही कोर्टाने ठेवून घेतली. घरी येऊन त्यातलं आठवेल तेवढं लिहून काढावं म्हणून नवी वही उघडली. मग मिटली. आठवेल तेवढं! नकोच.

२० फेब्रुवारी

चिरागला जामीन मिळाला. निकाल लागायचा आहे. चौकीचे साहेब रस्त्यात भेटले, ओळख दाखवली नाही. हे म्हणाले, "तुला आत टाकलं नाही ना, मग झालं." आणि आज त्यांनीच आमटी केली. मीठ विसरले. मी तशीच खाल्ली.

गुणाजीच्या दारावरून जाते. दार लोटून घेतात. आता तिथून 'काकू' अशी हाक येत नाही.

६ मार्च, शुक्रवार. संकष्टी.

लगेच लिहिते आहे. चपला काढल्या आणि वही घेतली. पाणीसुद्धा प्यायले नाही.

देवळात एकटीच गेले. त्याच रस्त्याने. सव्वा वर्ष वळसा घालून जात होते, आज म्हटलं, किती भ्यायचं. गटाराच्या कडेशी क्षणभर थांबले, हात जोडले. उजेड होता अजून.

मागून मोटारसायकलचा आवाज आला. माझ्याजवळ येऊन हळू झाली. दोघं होते. हेल्मेट, काळी काच, खाली. मागच्याने मान वळवून माझ्या गळ्याकडे बघितलं असं वाटलं. बघितलं की नाही हे सांगता येणार नाही, काच काळी होती. गळ्यात काळी पोत. मग ते पुढे निघून गेले, पुलाच्या दिशेने. मी ओरडले नाही. ह्याही वेळी नाही.

नंबरप्लेटीला हिरवी दोरी दिसली.

असं लिहिलं, आणि आता लिहून झाल्यावर हात थांबला आहे. दिसली का? की दिसायला हवी होती म्हणून दिसली? पांढऱ्या रिळातली सुईसुद्धा मला अशीच लख्ख दिसली होती, नाक वर करून.

उद्या ऐश्वर्याला बोलवेन म्हणते. येईल की नाही ठाऊक नाही. चौकीत जाऊन सांगायला हवं. तिथे माझं कोण ऐकणार? फितूर बाई, आता दोरी घेऊन आली.

तरी लिहून ठेवते. दिसलेलं वेगळं, वाटलेलं वेगळं.

दिसलं: मोटारसायकल. दोघं. काच खाली. चेहरा दिसला नाही.

वाटलं: हिरवी दोरी.

खिडकी लावून घेतली. खाली कुठेतरी मोटारसायकल थांबल्यासारखा आवाज आला. हा कुठल्या ओळीत लिहू, कळत नाही.